थ्रोट वीस थाऊ लांब झाला: एका ३०८ एफ-टीआर रायफलच्या रीमरचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांच्या रायफलची ही गोष्ट आहे त्यांना इथे नुसतं दादा म्हणतो, नाव-गाव थोडं बदललंय, बाकी मापं जशीच्या तशी माझ्या वहीतली आहेत. दादा मूळचे कोल्हापूरकडचे, गेली वीसेक वर्षं अमेरिकेत मिशिगनला, सॉफ्टवेअरमधली नोकरी. ग्रीन कार्ड झाल्यावर नेमबाजीच्या क्लबात जायला लागले आणि हळूहळू एफ-क्लासमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत, अडकले. मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये हात काळे करून इकडे आलेला, इकडेही डाय शॉपमध्येच. मी स्वतः मॅच फार शूट करत नाही, पण रीमर (भोक नेमक्या मापाचं कापणारं हत्यार), डायल, रनआउट हे रोजचं काम असल्यामुळे दादांच्या रायफलचं मोजमाप माझ्याकडे आलं ते आलंच.

आपल्याकडे रायफल म्हटलं की लोकांना तेजस्विनी सावंत (२०१० म्युनिक, वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड) आणि पॅरिस २०२४ चा ब्राँझवाला आपला कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण ते ५० मीटरवर, पॉइंट टू-टू रिमफायरमध्ये. तिथे काडतूस फॅक्टरीतूनच येतं, शूटर वेगवेगळे लॉट टेस्ट करून आपल्या नळीला जमणारा लॉट उचलतो. एफ-क्लासमध्ये ३०० ते १००० यार्ड आडवं पडून मारायचं, आणि जवळजवळ प्रत्येक जण काडतूस घरी स्वतः भरतो. म्हणजे गोळी ब्रासमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) किती खोल बसवायची हे शूटरच्या हातात, आणि ते कितपत हातात राहणार हे रायफलचा चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, कापणाऱ्या रीमरवर ठरतं.

एफ-टीआर हा त्यातला एक वर्ग. ३०८ विंचेस्टर किंवा २२३ रेमिंग्टन, दोनच काडतुसं, पुढे बायपॉड, मागे वाळूची पिशवी, वजन स्कोप-बायपॉडसकट ८.२५ किलोच्या आत. ब्रास मूळ मापाचाच पाहिजे, शोल्डर (ब्रास वर निमुळता होतो तो खांदा) वगैरे बदलायचा नाही. पण थ्रोट, म्हणजे चेंबरपुढचा रायफलिंग सुरू होईपर्यंतचा नळीचा भाग, किती लांब ठेवायचा त्याला बंधन नाही, आणि गोळ्या एकेक हाताने भरायच्या असल्यामुळे मॅगझिनमध्ये मावण्याचीही अट नाही. म्हणून या वर्गात चेंबरची सगळी चर्चा शेवटी थ्रोटवर येते.

दादांची जुनी नळी ४,००० च्या वर राउंड खाऊन झालेली. त्यात ते बर्गर कंपनीची १८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) जगरनॉट गोळी वापरायचे. १००० यार्डवर टेनची रिंग १० इंचाची आणि आतली एक्स ५ इंचाची, त्यात त्यांचा बेस्ट स्कोअर २०० पैकी १९३. बोअरस्कोप (नळीच्या आत बघायची दुर्बीण) घालून बघितलं तर थ्रोटपुढे उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेगाळलेली चामडी. नवीन नळी घ्यायचीच होती. ३० इंची, एकास दहा ट्विस्टचा (रायफलिंगचा एक फेरा दहा इंचांत) ब्लँक, म्हणजे चेंबर न कापलेली नळी, त्यांनी जूनमध्ये ऑर्डर केला. टार्गेट ठरलेलं: फेब्रुवारीत ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या बेन ॲव्हरी रेंजवर होणारी साउथवेस्ट नॅशनल्स.

अडचण काय होती

दादांना आता २०० ग्रेनच्या गोळीवर जायचं होतं. बर्गरची ही हायब्रिड ‘२००.२०एक्स’ नावानेच ओळखली जाते, नाव एफ-क्लासच्या परफेक्ट स्कोअरवरून, वीस गोळ्यांत २०० गुण आणि वीसच्या वीस एक्स. जगरनॉटचा जी-सेव्हन आकडा (गोळी हवा किती चांगली कापते त्याचा, जास्त तेवढा चांगला) ०.२८ च्या आसपास, हिचा ०.३३ च्या आसपास. ही थोडी हळू जाते तरी १००० यार्डला वारा हिला कमी ढकलतो, आणि एफ-टीआरमध्ये जे गुण जातात ते बहुतेक वाऱ्यातच जातात.

पण ही गोळी लांब आहे. ज्या गनस्मिथकडे नळी बसवायची होती (लायसन्सवाला, अनुभवी, इथे नाव नको) त्याच्या दुकानातला ३०८ चा रीमर छोट्या थ्रोटचा. त्याच्या चेंबरमध्ये २०० ग्रेनची गोळी बसवायची म्हणजे तिचा मागचा भाग नेक (गोळी धरणारी ब्रासची मान) ओलांडून खाली पावडरच्या जागेत घुसणार.

जरा थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. ब्रासचा नेक जिथे संपतो तिथून रायफलिंगचे कंगोरे, म्हणजे लँड्स, सुरू होईपर्यंत नळीत एक गुळगुळीत दंडगोल असतो, तो फ्रीबोर. त्याच्यापुढे साधारण दीड अंशाचा उतार, मग पूर्ण लँड्स. गोळी बसवल्यावर तिचा फुगीर भाग लँड्सपासून जेवढा मागे राहतो ती जंप. फ्रीबोर लांब ठेवला तर गोळी बाहेर बसवता येते, आखूड ठेवला तर आत ढकलावी लागते. ३०८ चा सामी स्टँडर्ड चेंबर, म्हणजे अमेरिकेत काडतुसांची मापं ठरवणाऱ्या संस्थेचा, त्यात फ्रीबोर ०.०९० इंच लांब आणि ०.३१० इंच रुंद. गोळी ०.३०८ ची. मॅच रीमरमध्ये रुंदी ०.३०८५ ठेवतात, अर्धा थाऊच मोकळीक, म्हणजे गोळी लँड्सला लागेपर्यंत तिरकी व्हायला जागाच नाही. (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्या भाषेत पंचवीस मायक्रॉन.)

आता गोळी मागून बघा. सर्वात मागे निमुळती बोटटेल, मग सरळ अंगाचा भाग, त्याला बेअरिंग म्हणतात, मग पुढे नाक. बेअरिंग आणि बोटटेलची जी कड आहे ती नेक-शोल्डरच्या सांध्याच्या वरच राहिली पाहिजे. कारण ब्रास चार-सहा वेळा फायर झाला की शोल्डरचं धातू सरकून नेकच्या बुडाशी आतून एक जाड कडं तयार होतं, त्याला डोनट म्हणतात. बेअरिंग त्या कड्यात घुसलं की प्रत्येक राउंडची पकड वेगळी, आणि १००० यार्डवर ते उंचीत दिसतं, कागद खोटं बोलत नाही.

समोरचे पर्याय

ऑगस्टमधल्या एका रविवारी दादांच्या गॅरेजमध्ये बसून आम्ही चार रस्ते मांडले, वहिनींनी पोहे आणून ठेवले ते तसेच गार झाले.

पहिला, दुकानातलाच रीमर वापरायचा आणि जगरनॉटवरच राहायचं. खर्च शून्य, नळी सप्टेंबरमध्ये तयार. पण मग नवीन नळीचा उपयोग काय, नुसती ताजी नळी आणि तोच वारा.

दुसरा, रीमर भाड्याने आणायचा. भाड्याने रीमर देणारे आहेत, पण त्यांच्या ड्रॉइंगवर जे माप आहे तेच घ्यावं लागतं, आणि २०० ग्रेनसाठी जे मिळत होतं त्याचा नेक आमच्या ब्रासला घट्ट होत होता. दादांचा ब्रास लापुआ कंपनीचा पाल्मा, छोट्या प्रायमरचा (बुडाची ठिणगी देणारी टोपी), भरल्यावर नेकचं बाहेरचं माप ०.३३७. मला रीमर नेक ०.३४० पाहिजे होता, तीन थाऊ मोकळीक, म्हणजे नेक सोलत बसायचं कारण नाही.

तिसरा, दुकानातल्या रीमरने चेंबर कापायचा आणि मग नुसता थ्रोट वेगळ्या थ्रोटिंग रीमरने पाहिजे तेवढा पुढे न्यायचा. हा माणूस ते करतो. पण त्याच्या रीमरचं बुडाचं माप आमच्या डायला (फायर झालेला ब्रास परत मापात आणणारा साचा) जुळत नव्हतं, जुन्या नळीत तिसऱ्या-चौथ्या फायरिंगनंतर बोल्ट वर उचलताना जो कटकन आवाज यायचा तो त्याचाच.

चौथा, स्वतःचा रीमर बनवून घ्यायचा. जेजीएस, मॅन्सन, पॅसिफिक टूल असे बनवणारे आहेत, खर्च दोनशे डॉलरच्या घरात, पण वाट बघायची ती महिन्यांच्या हिशोबात. फेब्रुवारी गाठायची तर आत्ताच ऑर्डर द्यायला हवी होती.

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण आला, आणि तो पैशाचा नव्हता. दादांच्या कपाटात १,४०० च्या आसपास जगरनॉट पडून होत्या. त्यांचं म्हणणं, "असा थ्रोट कर गा, की दोन्ही गोळ्या चालतील." मी बराच वेळ कागदावर काढून बघितलं. त्याच नेकमध्ये त्याच जागी बेअरिंग ठेवायचं तर दोन्ही गोळ्यांना लागणाऱ्या थ्रोटमध्ये साधारण ६० ते ७० थाऊचा फरक. मधला थ्रोट काढला तर २०० वाली डोनटमध्ये आणि १८५ वाली गरजेपेक्षा वर बसलेली. मी स्पष्ट सांगितलं, दादा, थ्रोट एकाच गोळीचा असतो, दोघींचा केला की कुणाचाच राहत नाही. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग जगरनॉट क्लबातल्या एकाला देऊन टाकल्या. हा निर्णय मला अजूनही शंभर टक्के बरोबर वाटतो. सगळ्या प्रकरणातला हाच अवघड होता, कारण त्यात हातातलं काहीतरी सोडायचं होतं.

ठरलं मग, चौथा रस्ता, स्वतःचा रीमर, फक्त २०० ग्रेनसाठी.

डमी राउंड आणि आकडे

फ्रीबोरचा आकडा हवेतून काढायचा नसतो. पद्धत अशी की एक डमी राउंड करायचा, पावडर नाही, प्रायमर नाही, आपल्याच ब्रासमध्ये आपलीच गोळी आपल्याला पाहिजे तिथे बसवायची, आणि तो रीमरवाल्याला पाठवायचा. तो त्यावरून फ्रीबोर ठरवतो.

गोळी कुठे पाहिजे हे मी खालून वर मोजत गेलो. ३०८ चा नेक साधारण ०.३०३ इंच लांब. आम्ही ब्रास २.०१५ ऐवजी २.००५ ला ट्रिम करतो, म्हणजे सांध्यापासून तोंडापर्यंत हातात उरतात २९३ थाऊ. बेअरिंगची कड सांध्याच्या वर ४० थाऊ ठेवायची, डोनटपासून सुरक्षित अंतर. मग नेकची पकड राहते २५३ थाऊ, भरपूर. त्याहून वर का नाही बसवायची? कारण थ्रोट झिजतो आणि तो एकाच दिशेने झिजतो, पुढे. नळी म्हातारी होत जाते तसे लँड्स लांब पळतात आणि त्यांच्या मागे जायचं म्हटलं तर गोळी बाहेर काढत जावी लागते. सुरुवातीलाच गोळी नेकच्या वरच्या टोकाला बसवली तर पुढे मागे लागायला जागा उरत नाही. म्हणून नव्या नळीत गोळी नेकमध्ये जितकी खाली चालेल तितकी खाली पाहिजे.

त्यावर जंप २० थाऊ धरली. म्हणजे लँड्सला टेकलेली गोळी असेल तेव्हा कड सांध्याच्या वर ६० थाऊवर.

दादांनी डमी केला. गोळीची कड कुठे आली हे बाहेरून दिसत नाही, म्हणून त्यांनी आधी गोळीवर मार्करने काळं फासून, कंपॅरेटर (कॅलिपरला लावायचं मापाचं भोक) लावून, नाकापासून कडेपर्यंतचं अंतर पाच गोळ्यांवर मोजलं आणि त्यावरून बुडापासून ओजाइव्हपर्यंतचं (नाकाच्या वळणावरची ठरावीक जागा) माप काढलं. एकूण लांबी आम्ही बघितलीच नाही, गोळीची टोकं एकाच डब्यात पाच-सात थाऊने इकडेतिकडे असतात, त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. काम अगदी सुबक केलं होतं. डमी छोट्या डबीत कापूस घालून ठेवला आणि सोबत चिठ्ठी: ‘२०० ग्रेन, नेक ०.३४०, फ्रीबोर डमीप्रमाणे, जंप २० थाऊ.’

कुठे चुकलं

ती चिठ्ठी परत एकदा वाचा. डमी लँड्सला टेकलेल्या जागेचा होता, कड ६० वर. दादांच्या डोक्यात, आणि माझ्याही डोक्यात, हे इतकं उघड होतं की लिहायची गरजच वाटली नाही. ऑर्डर गनस्मिथमार्फत गेली, त्याने चिठ्ठी वाचली तेव्हा त्याला वाटलं डमी म्हणजे शूट करायचा राउंड, आणि लँड्स त्याच्यापुढे २० थाऊवर पाहिजेत. दोन्ही वाचनं बरोबर आहेत. दोन्ही पद्धती लोक वापरतात. त्याने ऑर्डर देताना २० थाऊ वाढवले.

आणि इथे माझी चूक सगळ्यात मोठी. रीमरवाल्याने बनवायच्या आधी ड्रॉइंग मंजुरीला पाठवलं होतं. दादांनी ते मला फॉरवर्ड केलं, "बघ बरं एकदा." मी जेवणाच्या सुट्टीत फोनवर उघडलं, नेक बघितला ०.३४०, बुडाचं माप बघितलं, फ्रीबोरची रुंदी बघितली ०.३०८५, उताराचा कोन बघितला दीड अंश, आणि लिहिलं, ओके दादा. फ्रीबोरची लांबी ०.१९० लिहिली होती. २०० ग्रेनवाल्यांचे थ्रोट ०.१७० च्या आसपास असतात हे मला माहीत होतं, आमच्या हिशोबाने पण तेवढंच येत होतं. आकडा डोळ्यासमोर होता, पण मी तो डमीवरूनच आलाय म्हणून बरोबर धरून चाललो. वीस वर्षं ड्रॉइंग वाचणारा माणूस मी, पंधरा मिनिटं घरी बसून कागदावर पडताळलं असतं तर इथेच थांबलं असतं.

रीमर डिसेंबरच्या सुरुवातीला आला, नळी नाताळच्या आधी बसली.

कळलं ते कसं तर, लँड्स शोधताना. आम्ही जी पद्धत वापरतो त्यात बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढायचे, नळीत रिकामा साइज केलेला ब्रास घालून बोल्टचा हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडतो का बघायचं. पडला की मग मुद्दाम लांब बसवलेला डमी घालायचा. हँडल अडकतो. डमी काढून गोळी दोन थाऊ आत ढकलायची, परत घालायचा, परत अडकतो, परत दोन थाऊ. असं करत करत एका मापाला हँडल टक् करून खाली जातो, बोटाने शिवायचंही नाही. ते टचचं माप. दादांच्या गॅरेजमध्ये हीटर लावून आम्ही बसलो होतो, बाहेर बर्फ, आणि हँडल आमच्या ठरलेल्या मापाच्या खूपच आधी पडला. मी म्हटलं कार्बन असेल, डमीवर काहीतरी लागलं असेल, परत केलं. तिसऱ्यांदा केल्यावर वहीत लिहिलं: टच, कड सांध्याच्या वर ८० थाऊ. वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "आता काय करायचं गा?"

मग काय ठरवलं

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो, नळी मागून थोडी कापून चेंबर परत कापायचा. पण नीट बघा, फ्रीबोर रीमरमध्येच घासलेला आहे. त्याच रीमरने परत चेंबर कापला तर थ्रोट परत तेवढाच लांब. म्हणजे दुसरा रीमर पाहिजे, आणि फेब्रुवारी सात आठवड्यांवर.

दुसरा रस्ता, लँड्सच्या मागे जायचं, जंप २० ठेवायची. मग शूटिंगच्या जागी कड ६० वर, पकड २३३ थाऊ. चालतं, अगदी व्यवस्थित चालतं, एका कॅलिबरच्या पाऊण भाग पकड आहे. फक्त नळीच्या आयुष्यातले २० थाऊ पहिल्याच दिवशी गेलेले.

तिसरा रस्ता मी सुचवला. गोळी आम्ही ठरवलेल्या जागीच बसवायची, कड ४० वर, आणि जंप होऊ द्यायची ४० थाऊ. हायब्रिड गोळीचं नाक जंपबाबत जुन्या व्हीएलडी (लांब निमुळत्या नाकाच्या) गोळीसारखं नखरेल नसतं, म्हणून आशा होती. आशेवर नळी चालत नाही, तेव्हा टेस्ट.

जंप ५, १५, २५, ३५, ४५, अशा पाच पायऱ्या. व्हारगेट पावडर, चार्ज (पावडरचं वजन) मुद्दाम लिहीत नाही, तुमची रायफल वेगळी, तुमचा चेंबर वेगळा, मॅन्युअल बघून खालून वर या. एवढं मात्र सांगतो की गोळी लँड्सच्या जवळ नेली की प्रेशर वाढतं, म्हणून जवळच्या पायऱ्यांना चार्ज उतरवूनच सुरुवात केली होती. प्रत्येक पायरीला पाच-पाचचे दोन ग्रुप, वेगवेगळ्या दिवशी. तीन गोळ्यांचा एक ग्रुप बघून ‘ही जंप लागू पडली’ म्हणणारे खूप भेटतात, मला ते पटत नाही, तीन गोळ्यांत नशीबच जास्त दिसतं. उलट बाजूने, टेस्टमध्ये गेलेली प्रत्येक गोळी त्याच थ्रोटला खाते, म्हणून महिनाभर टेस्टच करत बसणंही शहाणपणाचं नाही. पन्नास गोळ्यांत आवरलं.

५ आणि १५ ला ग्रुप चांगले, पण दुसऱ्या दिवशी उंची फुटली, म्हणजे गोळ्या वर-खाली पसरल्या. २५ ला दोन्ही दिवस नको तेवढं पसरलं. ३५ आणि ४५ दोन्ही दिवस सारखेच, आणि मुख्य म्हणजे दोघांची उंचीची जागा कागदावर एकच. मला हे सगळ्यात जास्त आवडलं. कारण ३५ पासून ४५ पर्यंत गोळीला फरक पडत नसेल तर थ्रोट दहा थाऊ झिजला तरी लोड हलवायला लागणार नाही. मध्ये ४० वर बसवलं. योगायोगाने ती आमची मूळ ठरवलेलीच जागा, कड सांध्याच्या वर ४०.

निकाल

फेब्रुवारीत दादा फिनिक्सला गेले. १००० यार्डच्या एका मॅचला १९६, आतापर्यंतचा त्यांचा सर्वोत्तम. ज्या गोळ्या नाईनमध्ये गेल्या त्या सगळ्या डाव्या-उजव्या, म्हणजे वाऱ्याच्या, वर-खाली एकही नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा स्क्रीनशॉट त्यांनी संध्याकाळी पाठवला, ठिपके आडव्या पट्ट्यात ओळीने, मी तो झूम करकरून बघत बसलो. पंचवीस मायक्रॉनसाठी भांडणाऱ्या माणसाला ती पट्टी बघून काय वाटतं ते टूलरूमवाल्यालाच कळेल.

पण म्हणून झालं ते बरोबर झालं असं नाही. हायब्रिड होती म्हणून ४० ची जंप तिने पचवली, दुसरी कुठली गोळी असती तर दादा फिनिक्सला अर्धवट लोड घेऊन गेले असते. शिवाय हिशोब पुढे आहे. पहिल्या १,१०० राउंडनंतर परत हँडल पाडून मोजलं तर टच १४ थाऊ पुढे गेलेला. त्या वेगाने बघितलं तर आमचे चुकलेले २० थाऊ म्हणजे दीड हजार राउंडची झीज, नळी नवी कोरी असतानाच खर्च झालेली. १,१०० ला आम्ही गोळी हलवली नाही, जंप ५४ झाली तरी उंची धरून होती. १,९०० च्या आसपास ओहायोतल्या कँप पेरी रेंजला उंची सुटायला लागली (तिथे लेक एरीवरून येणारा वारा असतो, आधी आम्ही त्यालाच दोष देत होतो), तेव्हा मोजलं, गोळी बाहेर काढून पुन्हा ४० च्या जंपला आणली आणि पट्टी परत आली. आता कड सांध्याच्या वर ६५, पकड २२८. मी किमान अर्धं कॅलिबर, १५४ थाऊ, ही हद्द धरतो, त्याच्या आधी या नळीची बाकीची तब्येतच संपेल.

पुन्हा करायचं तर

डमीसोबत चिठ्ठीत एकच शब्द वाढवायचा: ‘टच’ किंवा ‘शूट’. आणि चिठ्ठीवर नुसता डमी न सोडता आपला अपेक्षित फ्रीबोरही आकड्यात लिहायचा. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तर ठीक, नाही आला तर फोन. आमच्याकडे दोन्ही वाटा होत्या, आम्ही एकच कागदावर उतरवली.

ड्रॉइंग मंजूर करणारा माणूस आणि डमी करणारा माणूस एका टेबलाशी बसून प्रत्येक माप मोठ्याने वाचू देत. मी फोनवर जेवता जेवता बघितलं, ते परत कधीच करणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रीमर आखूडच मागवायचा. नळीतून धातू काढला की फ्रीबोर वाढतो, तो कमी करता येत नाही. रीमरवर बरोबर उलटं, रीमरचा धातू घासला की फ्रीबोर कमी होतो, वाढवता येत नाही. म्हणून रीमर लांब आला तर रीमर वाचवता येतो, नळी नाही. आम्ही तेच केलं, नळीचं काम झाल्यावर तो रीमर परत पाठवून ०.१९० चा ०.१५० करून घेतला, नवीन रीमरच्या मानाने किरकोळ पैशात. आता पुढच्या नळीला आधी ०.१५० ने चेंबर कापायचा, हँडल पाडून टच मोजायचा, आणि उरलेले थाऊ थ्रोटिंग रीमरने मोजून मोजून पुढे न्यायचे. वेळ जास्त लागतो, गनस्मिथची एक चक्कर वाढते, पण आकडा आपल्या हातात राहतो.

घाई होती म्हणून हा रस्ता पहिल्यांदा घेतला नाही असं दादा म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. ऑगस्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायाची सांगड घालणं, म्हणजे आपला रीमर आखूड आणि वर थ्रोटिंग, हे आमच्या डोक्यातच आलं नाही, आम्ही ते दोन वेगळे रस्ते म्हणून मांडले आणि त्यातला एक उचलला.

दुसरा ब्लँक मेमध्ये आला. त्यासाठी केलेल्या नवीन डमीच्या अंगावर दादांनी एनग्रेव्हरने तीन ओळी कोरल्यात: २०० हायब्रिड, टच, ०.१७०. जुना डमी टाकला नाही, तो माझ्या टूलबॉक्समध्ये वरच्या खणात आहे, व्हर्नियरच्या शेजारी.